चौकशी मजुराची, मोकळीक ठेकेदाराला

पाऊस ओसरला की मुंबई, ठाणे, पुण्याच्या इमारतींमधून हातोड्यांचे आवाज सुरू होतात. कुणाला दिवाळीच्या आत घर नवे करायचे असते, कुणाकडे लग्न ठरलेले असते, कुणाच्या छतावर वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा ओला डाग तीन पावसाळे पसरत आलेला असतो. काम सुरू होण्याच्या दिवशी सोसायटीच्या फाटकावर गवंडी, बिगारी, फरशीवाले, रंगारी रांगेत उभे केले जातात. त्यांच्या आधार कार्डांच्या प्रती घेतल्या जातात, फोटो काढले जातात, वहीत नावे चढतात. परवानगीच्या अर्जात ‘कामगारांची यादी व पोलीस पडताळणी’ असा रकानाच असतो. हे चालू असताना ज्याने काम घेतले आहे, ज्याच्या खात्यात घरमालकाचे काही लाख रुपये आगाऊ जमा झाले आहेत, तो ठेकेदार सरळ वर निघून गेलेला असतो. त्याची पात्रता कुणी विचारलेली नसते, त्याचे आधीचे काम कुणी पाहिलेले नसते. अर्जावर त्याच्या नावापुढे असतो तो फक्त मोबाइल नंबर.

ही रीत उलटी आहे आणि अन्यायाचीही आहे. रोजावर राबणाऱ्या माणसाकडे आपण संशयाने पाहतो आणि ज्याच्या निर्णयावर घरातली भिंत, पाणी, वीज आणि पैसा सोपवलेला असतो, त्याला ‘मेहुण्याकडे यानेच काम केले’ एवढ्या शिफारशीवर आत घेतो. चौकशी व्हायलाच हवी. पण ती आधी ठेकेदाराची व्हायला हवी, आणि ती त्याच्या कामाची, पैशाच्या व्यवहाराची आणि शब्द पाळण्याच्या सवयीची हवी.

घर दुरुस्तीत माणसे जिवाला मुकतात ती कशाने, हे एकदा नीट आठवू या. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधील साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि ते करताना इमारतीच्या खांबांना हात लावल्याचे पुढे आले. त्याआधी दहा वर्षे, जुलै २००७ मध्ये, बोरिवलीची लक्ष्मीछाया इमारत पडली तेव्हाही बोट तळमजल्यावरच्या दुकानातील तोडफोडीकडेच गेले होते. अशा कामावरच्या प्रत्येक मजुराचे आधार कार्ड तपासून घेतले असते तरी इमारतीचा भार तेवढाच राहिला असता. हातोडा मारणाऱ्याला कोणती भिंत नुसती आडोशाची आहे आणि कोणत्या खांबावर वरचे तीन मजले उभे आहेत, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ते ठाऊक असायला हवे काम घेणाऱ्याला, काम देणाऱ्याला आणि परवानगीवर सही करणाऱ्या समितीला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत समितीच्या लेखी परवानगीशिवाय घरात फेरबदल करता येत नाहीत, असे स्पष्ट आहे. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी, असेही त्यात आहे. ज्या इमारतीचा सांगाडा तपासायला आपण अभियंता बोलावतो, त्याच इमारतीत कुठे ब्रेकर चालवायचा हे मात्र ज्याची पात्रता कुणी पाहिलेली नाही, अशा माणसावर सोडतो.

मजुरांची नोंद नकोच, असे माझे म्हणणे नाही. घरात एकटे आजी-आजोबा असतील, तर आत कोण येते-जाते हे लिहून ठेवलेच पाहिजे. पण त्या नोंदीचा आवाका किती, हे ओळखावे. चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्याने पोलिसांकडे अर्ज करून मिळवायचा असतो, आणि पोलिसांच्या दप्तरी त्याच्या नावावर काही आहे का, एवढेच त्यावरून कळते. तो माणूस वॉटरप्रूफिंग धड करतो का, अर्धे काम टाकून जातो का, दुकानदारांचे पैसे बुडवतो का, यातले काहीच त्यात येत नाही. शिवाय नाक्यावरून रोजावर आणलेला बिगारी सोमवारी एक असतो आणि गुरुवारी दुसरा. पहिल्या दिवशी दिलेली यादी आठवडाभरात शिळी होते. कायम असतो तो ठेकेदार. रोज कुणाला आत आणले याची जबाबदारी लेखी घ्यायची असेल, तर ती त्याच्याकडूनच घेता येते. आणि आधार कार्डांच्या प्रती वर्षानुवर्षे वॉचमनच्या टेबलाच्या खणात पडून असतात, हा तर त्या कष्टकऱ्यांच्या ओळखीशी चाललेला उघड निष्काळजीपणा आहे. प्रत हवीच असेल तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते, आणि काम संपल्यावर ती नष्ट करणे सोसायटीचे कर्तव्य आहे.

ठेकेदाराची चौकशी करायची म्हणजे गुप्तहेर लावायचा नाही. बरेचसे घरबसल्या, फुकट कळते. तो कोटेशनवर जीएसटी क्रमांक छापतो. हा पंधरा अक्षरांचा क्रमांक निरखून पाहावा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्याचा पॅन. त्या पॅनमधले चौथे अक्षर पी असेल तर ती एकटी व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी संस्था, सी असेल तर कंपनी. व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि क्रमांकात पी, असे दिसले की पहिला प्रश्न तिथेच विचारावा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की नोंदणीचे खरे नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे समोर येते. ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची असू शकते. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, कारण सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण रद्द झालेल्या क्रमांकावर जो तुमच्याकडून १८ टक्के कर मागतो, त्याला दारातूनच परत पाठवावे. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत लावून दाखवणारेही भेटतात. ते स्वतःच दिलेल्या माहितीवर मिळते. त्यावरून कामाचा दर्जा कळत नाही.

शोधाची दुसरी जागा ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळाची. जिल्हा, न्यायालय आणि वर्ष निवडून पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. नावाचा माणूस तोच आहे याची खात्री केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये; एकाच नावाची माणसे गावोगाव असतात. एखादा खटला असणे हा गुन्हाही नव्हे, कारण पैसे बुडवणारे घरमालकही असतात आणि ठेकेदाराला कोर्टाची पायरी चढावी लागते. पण न वटलेल्या धनादेशाचे, म्हणजे कलम १३८ चे चार-पाच खटले एकाच माणसावर दिसले, तर तुमचा ॲडव्हान्स कुणाची देणी फेडायला जाणार आहे, हे उघड आहे.

विजेच्या कामाला तर सरकारी परवाना आहेच. विद्युत ठेकेदाराचे अनुज्ञापत्र आणि वायरमनचा, म्हणजे तारतंत्रीचा परवाना राज्य शासन देते. घराचे वायरिंग बदलताना ते पाहायला मागणारा घरमालक शंभरात एखादा असेल. फर्निचरवाल्याने ‘इलेक्ट्रिकचंही बघून घेतो’ म्हटले की आपण मान हलवतो, आणि फॉल्स सीलिंगच्या आत टेप गुंडाळून जोडलेल्या तारा कायमच्या झाकल्या जातात.

एवढे झाल्यावर खरी चौकशी सुरू होते. ती पायी फिरून करायची असते, आणि माझ्या मते पडद्यावर सापडणाऱ्या सगळ्या कागदांपेक्षा तिचे मोल जास्त. ठेकेदार मोबाइलवर नव्या कोऱ्या किचनचे फोटो दाखवतो. ते पाहू नयेत. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या घरांचे पत्ते मागावेत. वॉटरप्रूफिंगचे काम किमान दोन पावसाळे गेल्यावर बोलू लागते. पहिल्या महिन्यात सगळ्याच फरशा चकचकीत असतात. आणि त्या घरी जाऊन ‘काम कसं झालं?’ असे विचारू नये. त्याला ‘छान झालं’ हेच उत्तर येते, कारण आपण फसलो असे परक्याला सांगायला माणूस संकोचतो. विचारावे ते असे: काही बिघडले होते का, आणि बिघडल्यावर तो आला का? ठरल्यापेक्षा जास्त पैसे कोणत्या टप्प्यावर मागितले? खालच्या घरात ओल आली का? हा शेवटचा प्रश्न तर खालच्याच घरी विचारावा. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर कसे झाले, हे खालच्या मजल्यावरच्या छतासारखे कुणी सांगत नाही.

मग जवळचे हार्डवेअरचे दुकान. टाइल्सवाला, प्लायवाला, रंगवाला यांच्या उधारीच्या वह्यांत परिसरातल्या प्रत्येक ठेकेदाराचे खरे चित्र असते. कुणाचा माल रोख जातो, कुणाला उधारी बंद केली आहे, कुणाचे नाव काढताच दुकानदार गप्प होतो, हे समोर उभे राहून कळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे ज्याचे आधार कार्ड आपण फाटकावर ठेवून घेतो, तोच. ठेकेदाराच्या चालू कामावर जाऊन गवंड्याशी, सुताराशी दोन शब्द बोलावे. हिशेब आठवड्याच्या आठवड्याला होतो का? या माणसाबरोबर किती वर्षे आहात? घरी कुणी आजारी पडले तर उचल मिळते का? जो आपल्या कारागिरांची मजुरी थकवतो, त्याचे कारागीर तुमच्या घरातली फरशी अर्धी टाकून एक दिवस दुसऱ्याच्या कामावर निघून जातात, आणि त्यांनी जाऊ नये तरी का? ज्याच्याकडे तोच सुतार आठ-दहा वर्षे टिकून आहे, त्याच्याकडे काम देताना मला तरी दुसरा दाखला लागणार नाही. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायला कामगाराला वर्षभरात ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला आपल्या माणसांना देणारा ठेकेदार आणि ‘कशाला ती भानगड’ म्हणून टाळणारा ठेकेदार यांत फरक आहे, आणि तो फरक पुढे तुमच्या घराच्या कामातही उतरतो. मजूर हा या चौकशीतला साक्षीदार आहे. त्याला आपण संशयिताच्या रांगेत उभे केले आहे.

पैशाचे बोलू. आपल्याकडे निम्मी रक्कम आधी देण्याची पद्धत इतकी रुळली आहे की त्यात कुणाला वावगे वाटत नाही. पण ठेकेदारीच्या धंद्यात ही निम्मी रक्कम पुष्कळदा आधीच्या घराच्या टाइल्सचे बिल फेडायला जाते आणि तुमच्या टाइल्स पुढच्या घराच्या ॲडव्हान्समधून यायच्या असतात. साखळीत एक काम अडले की मागची सगळी अडतात. माणूस लबाड नसला तरी हे घडते, म्हणून त्याच्या चांगुलपणाच्या भरवशावर मोठी आगाऊ रक्कम देऊ नये. कॅलिफोर्नियात घर दुरुस्तीच्या करारात एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १००० डॉलर, यांतले जे कमी असेल, त्याहून जास्त आगाऊ घ्यायला सर्वसाधारणपणे कायद्यानेच मनाई आहे. तिथे १९२९ पासून ठेकेदारांना परवाने देणारे सरकारी मंडळ आहे, परवान्याच्या अर्जदाराला बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि परवाना क्रमांक टाकला की त्याच्यावरची कारवाई कुणालाही पाहता येते. तिकडे राहणारी आपली मुले घराचे छप्पर बदलताना सवयीने तो क्रमांक तपासतात आणि इथल्या आईवडिलांच्या घरासाठी मात्र फोनवरून कुणाच्याही खात्यात पैसे पाठवतात.

कोकणात तर हे दरवर्षी घडते. गणपतीच्या आत गावच्या घराची कौले फेरायची असतात, पडवीवर पत्रा घालायचा असतो. मुंबईचा चाकरमानी जूनमध्ये मोबाइलवरून पैसे पाठवतो आणि श्रावणात घर उघडतो तेव्हा वाशांवर जुनीच कौले असतात. गावात चौकशी करणे शहराहून सोपे आहे, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे काम माहीत असते. फक्त विचारायचे शेजारच्या घरी, ठेकेदाराने सुचवलेल्या घरी नव्हे. आणि टप्प्याटप्प्याने पैसे पाठवताना शेजाऱ्याला कामावर नजर टाकायला सांगायचे.

आता सरकारकडे. महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पातले घर तुम्हाला दाखवणाऱ्या एजंटाला नोंदणी करावी लागते, आणि २०२३ पासून तर प्रशिक्षण घेऊन परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळवावे लागते. त्याच घराच्या भिंती पुढे जो फोडतो, त्याच्यासाठी ना नोंदणी आहे ना परीक्षा. सार्वजनिक बांधकाम खाते आपल्या कामांसाठी ठेकेदारांची वर्गवारी करून नोंदणी करते, कारण सरकारला स्वतःच्या पैशाची काळजी असते. नागरिकाच्या आयुष्यभराच्या बचतीवर उभ्या राहिलेल्या घराला तेवढीच काळजी का मिळू नये? महापालिकांनी घर दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदारांची साधी, खुली नोंदवही सुरू करावी. त्यात नाव, पत्ता, विद्युत परवाना आणि ग्राहक आयोगाने विरोधात दिलेले आदेश, एवढे जरी असले तरी पुरे. शुल्क नाममात्र ठेवावे, म्हणजे हाताखालच्या कामातून वर आलेला प्रामाणिक मिस्त्रीही त्यात नाव घालू शकेल. नोंदणी हे बड्या इंटिरियर कंपन्यांचे कुंपण होता कामा नये.

तोवर कायद्याचे जे हत्यार हाती आहे, ते बोथट करू नये. घरबांधणी ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच सांगितले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. पण तिथे कागद लागतो. बहुतेकांकडे असतो तो चॅटवरचा ‘ओके सर, होऊन जाईल’ एवढाच मजकूर आणि रोख दिलेल्या रकमा. म्हणून दोन पानांचा करार हवाच: कोणते काम, कोणत्या कंपनीचा माल, किती दिवस, कोणत्या टप्प्यावर किती पैसे, राडारोडा कोण उचलणार, कामगाराला अपघात झाला तर विमा कुणाचा. आणि एकूण रकमेतला एक हिस्सा पुढचा पावसाळा संपेपर्यंत हातचा राखायचा. चांगला ठेकेदार यातल्या एकाही अटीला नाही म्हणत नाही. त्याला उलट बरे वाटते, कारण कमी दर सांगून काम हिसकावणाऱ्या आणि नंतर गायब होणाऱ्या माणसांनी सगळ्यात मोठे नुकसान त्याचेच केले आहे.

सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. दुरुस्त्यांचा हंगाम त्यानंतरच सुरू होतो. या सभेत एका सभासदाने उठून ठराव मांडावा: घरातील फेरबदलाच्या परवानगी अर्जात ठेकेदाराचे पूर्ण नाव व पत्ता, विद्युत कामाचा परवाना क्रमांक, किमान दोन वर्षे जुन्या दोन कामांचे पत्ते आणि भिंत तोडायची असल्यास संरचना अभियंत्याचे सहीचे पत्र, यांशिवाय मंजुरी मिळणार नाही. या ठरावाला एका पैचा खर्च नाही आणि कुणाच्या वरच्या परवानगीचीही गरज नाही. वाचकहो, तुमच्या सोसायटीत तो सभासद तुम्ही व्हा.